सगळे रिपोर्ट नॉर्मल

कुवेतमधल्या जाब्रियातल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझे सगळे रिपोर्ट पुन्हा एकदा चाळले आणि म्हणाले, "काहीही नाही. ठणठणीत आहेस."

शेजारी आई बसली होती. ती जवळच्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे, ड्यूटी संपवून तशीच आली होती. तिने बसल्या जागी हात जोडले. मला मात्र काहीतरी निघायला हवं होतं. रक्त कमी झालंय, थायरॉइड बिघडलाय, पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे, काहीही. ज्याला नाव आहे आणि ज्याच्यावर गोळी नाहीतर ऑपरेशन आहे, असं काहीतरी.

"मग मी मागे का पडतो, डॉक्टर?"

डॉक्टर सोलापूरकडचे, आईच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा काढला. "वय काय तुझं?"

"चौतीस."

"मग?" एवढंच म्हणाले, आणि आईला हॉस्पिटलातल्या बदल्यांबद्दल विचारू लागले.

मी सायकलपटू होतो. हौशी नव्हे, पगारी. वाढलो महबूलाला. आई-पप्पा दोघेही नाशिकचे. आई आधी एकटी नर्स म्हणून कुवेतला आली, मागून पप्पांना रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनिअरची नोकरी लागली. शाळेत असताना समुद्रकाठच्या रस्त्यावर सायकल मारायला लागलो, मग एका क्लबात गेलो, आणि कॉलेज पोस्टाने करता करता आखातातल्या एका छोट्या व्यावसायिक टीममध्ये शिरलो. वर्षातले निम्मे दिवस बाहेर, निम्मे आई-पप्पांकडे, माझ्या जुन्या खोलीत.

लोकांना वाटतं, सायकलपटू म्हणजे जिंकणारा. माझं काम जिंकणं नव्हतंच. कप्तानाला जिंकवणं हे माझं काम. मागच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, जर्सीत कोंबायच्या, पुढे जाऊन वाटायच्या. वारा असेल तर आपण वाऱ्यात राहायचं आणि त्याला आपल्या आडोशाला ठेवायचं. शेवटचे काही किलोमीटर राहिले की बाजूला व्हायचं. पुढे काय झालं ते बहुतेक वेळा हॉटेलात गेल्यावर कळायचं. मला त्यात कमीपणा कधीच वाटला नाही. मी त्या कामात चांगला होतो.

जे व्हायचं ते एका वाळवंटातल्या रेसमध्ये झालं. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळू, आणि उजवीकडून वारा. असा आडवा वारा सुटला की सायकलपटू एकामागे एक राहत नाहीत, तिरपी रांग करतात, म्हणजे प्रत्येकाला पुढच्याच्या अंगाचा आडोसा मिळतो. पण रस्त्याची रुंदी संपते तिथे रांग संपते. त्याच्या मागे जो राहिला त्याला रस्त्याची कड मिळते आणि वारा मिळतो. तो जास्त वेळ टिकत नाही.

वारा वाढणार हे मला कळलं होतं. आमचा कप्तान कोलंबियाचा, कोवळा पोरगा. त्याला मी ओरडून सांगितलं, "माझ्या मागे ये!" त्याला घेऊन पुढे गेलो, रांगेत जागा करून दिली. तोवर सगळं बरोबर केलं होतं. मग त्याच्या मागची जागा धरायला मी पायांकडे जोर मागितला, आणि पायांनी तो दिला नाही. दुखलं नाही, पेटका आला नाही. नुसतं नाही. माझ्या पुढच्या चाकात आणि त्याच्या मागच्या चाकात हातभर अंतर पडलं. हातभर अंतर मी आयुष्यात हजारदा भरून काढलं असेल. त्या दिवशी ते माझ्या डोळ्यांदेखत सायकलभर झालं, मग गाडीभर. त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मी हाताने खूण केली, जा.

टीमची गाडी मागून आली. मॅनेजर म्हातारा इटालियन, त्याने काच खाली केली. इंग्रजी त्याचं तोडकंमोडकं. "वारा फार आहे आज," म्हणाला.

"हो."

"सावकाश ये." एक बाटली माझ्या हातात दिली आणि गाडी पुढे गेली, कारण पुढे कप्तान होता. तिथेच जायला हवी होती. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

मग रस्त्यावर कोणी नव्हतं. वाळू पायावर टोचत होती. सगळ्यात मागून दमलेल्यांना उचलणारी गाडी येत होती, तिचा ड्रायव्हर बरंच अंतर ठेवून चालत राहिला, मला लाज वाटू नये म्हणून असेल. शेवटी मीच थांबलो.

त्यानंतर आणखी तीन रेसमध्ये तेच झालं. जास्त सराव केला, कमी केला, खाणं बदललं, झोप बदलली. मग त्या तपासण्या. सीझन संपल्यावर मॅनेजरचा फोन आला. पुढच्या वर्षी तू नाहीस, हे वाक्य त्याला सापडत नव्हतं, म्हणून शेवटी मीच म्हणालो. तो म्हणाला, "तू चांगला माणूस आहेस." सायकल टीमची होती, ती परत पाठवली.

त्याच हिवाळ्यात पप्पा निवृत्त झाले. रिफायनरीत निरोप समारंभ झाला, घरी येताना हेल्मेट आणि चहाचा मग पिशवीत घालून आणला. दुसऱ्या दिवसापासून घरात दोन पुरुष पहाटे चारला जागे. ते शिफ्टच्या सवयीने, मी उन्हाआधी सायकल मारायच्या सवयीने. आई जायची ड्यूटीला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून चहा प्यायचो आणि मग काय करायचं ते दोघांनाही कळायचं नाही. पप्पा खाली जाऊन गाडी धुवायचे. रोज. धूळ रोज बसते, त्यामुळे निमित्त संपत नव्हतं.

मी माझी शाळकरी वयातली जुनी सायकल काढून फिरायला लागलो. सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळींचा एक ग्रुप निघतो, बँकेतले, तेल कंपन्यांतले, कुवेती, भारतीय, सगळे मिसळलेले, माझ्या टीमपेक्षा भारी सायकली. त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. फहाहीलकडच्या उड्डाणपुलावर एक पन्नाशीचा दातांचा डॉक्टर माझ्या पुढे गेला. त्याने वर जाऊन मागे पाहिलं आणि पाय मारणं थांबवलं. तो माझ्यासाठी थांबला होता. फार सौजन्याने थांबला होता. मी पुन्हा त्या ग्रुपबरोबर गेलो नाही.

एमबीएची कल्पना पप्पांची. ऑफिसातल्या कोणाच्या तरी मुलाने केलं होतं. "खेळाडूंना घेतात म्हणे," ते म्हणाले. "वेगळा अनुभव असतो ना."

"पप्पा, मला गणित येत नाही."

"मी आहे ना."

आणि ते खरंच बसले. दिवाणखान्यातल्या जुन्या सोफ्यावर, रोज सकाळी, प्रवेश परीक्षेचं जाड पुस्तक मध्ये ठेवून. गाडी धुणं बंद झालं. गुणोत्तर, टक्केवारी, दोन नळ आणि एक टाकी. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा आवाज चढला. "अरे, सातवीचं गणित आहे हे! लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष तिथेच होतं. तेवढंच तर मला येत होतं, लक्ष देणं आणि सोसणं. पाच तास सायकलच्या सीटवर बसू शकणारा माणूस मी, पण सोफ्यावर तासभर बसलं की मांड्या आपोआप थरथरायच्या आणि समोरचे आकडे नुसतेच आकडे राहायचे. सायकलवर जितकं सोसावं तितकं काहीतरी मिळायचंच. इथे सोसून काहीच होत नव्हतं.

शेवटी पप्पांनी पुस्तक मिटलं. "चुकलं माझं," म्हणाले. "तू काय आता लहान आहेस का." ते उठले आणि खिडकीपाशी गेले. मला वाटलं, त्यांनी ओरडलेलंच बरं होतं.

कुवेत सिटीतल्या एका इमारतीत परीक्षा झाली. मार्क पडले, कसेबसे. भारतातल्या एका बिझनेस स्कूलने मुलाखतीला बोलावलं, स्क्रीनवर. एक बाई आणि एक गृहस्थ. मी पप्पांचा टाय लावला होता.

"किती रेस जिंकलात?" गृहस्थांनी विचारलं.

"एकही नाही, सर."

"मग इतकी वर्षं नेमकं काय केलंत?" हे बाईंनी विचारलं, पण कुत्सितपणे नव्हे.

मी बाटल्यांचं सांगितलं. वाऱ्याचं सांगितलं. दुसऱ्याला पुढे न्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. "पण हीच तर लीडरशिप! टीमसाठी स्वतःला मागे ठेवणं. किती सुंदर."

मला सांगायचं होतं की मॅडम, मला जे सांगितलं जायचं ते मी करत होतो. कानात वायरलेस असायचा, त्यातून आवाज यायचा, पुढे जा, मागे ये. पण दार उघडत होतं, आणि ते बंद करण्याची माझी ऐपत नव्हती. "हो मॅडम," मी म्हणालो. त्यांनी मला घेतलं.

आई देवापुढे पेढे ठेवते आहे तोच पप्पा म्हणाले, "मग आता फ्लॅट सोडायचा."

त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नोकरीबरोबर संपत होता. खटपट केली असती तर आईच्या नावावर राहता आलं असतं कदाचित. त्यांना ते नको होतं. "बायकोच्या कागदावर बसून काय करू? गाडी धुऊ?" माझा इकामा क्लबच्या नावावर होता, तोही रद्द व्हायचा होता. आईच्या नोकरीची अजून काही वर्षं होती, आणि नाशिकचं घर तिच्याच पगारावर उभं राहत होतं. तिने दोन नर्सबरोबर जाब्रियात खोली बघितली.

"तू एकटी कशी राहशील?" मी विचारलं.

"एकटीच आले होते मी इथे," ती म्हणाली. "तुला माहीतय, पहिले सहा महिने मी रोज रडायचे. आता नाही रडणार. वय झालं." आणि कपाटातल्या चादरी काढायला लागली.

केरळच्या एका नव्या कुटुंबाने सोफा आणि पलंग नेले. पप्पा आधी गेले. जाताना विमानतळावर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "टक्केवारीत चुकू नकोस." दुसरं काही त्यांना म्हणायचं होतं हे दिसत होतं. मलाही म्हणायचं होतं.

माझ्या वेळी आई दुपारच्या ड्यूटीच्या आधी, युनिफॉर्मवरच सोडायला आली. आत जाऊ देत नाहीत, म्हणून बाहेरूनच परत गेली. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, कॉम्प्युटर पाहिला, परत माझ्याकडे पाहिलं. जन्म सोडला तर माझं सगळं त्या देशात झालं होतं.

"सुट्टी?" त्याने हिंदीत विचारलं. तिथे सगळ्यांना तेवढं हिंदी येतं.

"नाही," मी म्हणालो. "खलास."

"खलास," तो म्हणाला, अगदी रोजच्यासारखा, आणि शिक्का मारला.

आता या स्कूलमध्ये माझी दुसरी टर्म चालू आहे. वर्गातली मुलं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला सर म्हणतात, नको म्हटलं तरी. अकाउंट्समध्ये पास झालो, स्टॅटिस्टिक्स राहिला. आमच्या गटात चौघं आहेत. आकड्यांचं काम बाकीचे तिघं करतात. त्यातली एक मुलगी फार हुशार आणि समजूतदार आहे, तिने पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, आकडे आम्ही बघतो. तुम्ही प्रेझेंटेशनला सुरुवात करत जा. तुमच्याकडे स्टोरी आहे."

तेव्हापासून विषय साबणाचा असो की विम्याचा, मी पहिला उभा राहतो आणि वाळवंटाचं, वाऱ्याचं सांगतो. दर वेळी थोडं सफाईदार होतं. कप्तानाने मागे वळून पाहिलं तिथे मी आता थांबतो, आणि वर्ग शांत होतो. परवा एका कंपनीचे लोक आले होते, त्यांनाही आवडलं. पण नोकरीसाठी त्यांनी बाकीच्या तिघांना बोलावलं. माझ्या वयाबद्दल एकजण काहीतरी म्हणाला, मग "बघू" म्हणाला.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. मी म्हणालो, बरं चाललंय. "जेवलास का?" तिने विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "तुझा आवाज बरा नाही वाटत. सर्दी आहे का?"

"नाही गं. काही नाही."

"काही असलं तर सांग. गोळी सांगते."

मागे कोणीतरी तिला वॉर्डमधून हाक मारली. ती थांब म्हणाली, मी थांबलो. फोन चालूच राहिला, ट्रॉलीचा आवाज येत राहिला, कोणीतरी अरबीत पाणी मागत होतं, आणि आई त्यांना अरबीतच सांगत होती, आले, आत्ता आले.