बर्फावरच्या हॉकीत अडकलेली आखाजी

बर्फावरची हॉकी मी उभ्या जन्मात धड पाहिलेली नाही. पाहिली ती टीव्हीवर, सकाळच्या चहाच्या वेळी, आणि त्यातली ती काळी चकती मला आजवर एकदाही दिसलेली नाही. आबांनाही दिसत नाही. तरी दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून जून लागेपर्यंत आमचं जळगावचं घर त्या चकतीमागे धावत असतं आणि मी त्या घराबाहेर पाऊल टाकू शकत नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. गाव भडगावकडचं, शेती अजून तिथेच. सासूबाई गेल्या तेव्हापासून ते आमच्याकडे राहतात. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे भाऊजी, कॅनडात. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडावर हॉकीची बाद फेरी सुरू होते आणि घराघरांतून कोण जिंकेल याचे अंदाज लावतात. भाऊजींनी ते खूळ चार वर्षांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर आणलं. स्पर्धा सुरू होण्याआधी त्यांचा तक्ता येतो. कोणता संघ कोणाला हरवेल, चार सामन्यांत की सातांत, आणि शेवटी कप कोणाचा, हे आधीच भरून पाठवायचं. एकदा पाठवलं की बदल नाही. खेळणारे आम्ही घरचेच: आबा, भाऊजी आणि जाऊबाई, माझे यजमान, आणि धुळ्याला दिलेली नणंद. पैसाबिसा काही नाही. जिंकणाऱ्याचं नाव एका स्टीलच्या तांब्यावर घालायचं, बस. तांब्या आमच्याच फडताळात असतो.

आबांना मोबाईलवर बोट चालवता येत नाही, म्हणून त्यांचा तक्ता भरायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी हौसेने बसले. संघांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून ते शर्टाच्या रंगावरून सांगत होते. कपाच्या रकान्याशी आलो तेव्हा म्हणाले, "निळा शर्टवाला लिखी दे." निळे शर्टवाले दोन निघाले. मी गॅसवर दूध ठेवलेलं, ते वर यायला लागलं, मी घाईघाईत एकावर बोट ठेवलं आणि पळाले. नंतर कळलं की आबांच्या मनातला निळा दुसरा होता. मी भरलेल्या निळ्याने जूनमध्ये कप उचलला.

आबा रागावतील असं वाटलं होतं. ते उठून देव्हाऱ्यापाशी गेले, चिमूटभर कुंकू आणून माझ्या उजव्या हाताच्या तळव्याला लावलं आणि म्हणाले, "तुना हात लागू शे, बेटा."

इथे मी अडकले. तेव्हा मात्र मला काय गोड वाटलं होतं म्हणून सांगू! लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्या घरात माझ्या कुठल्या अवयवाचं कौतुक म्हणून झालं नव्हतं.

हातगुण ही आबांच्या घरी चेष्टेची गोष्ट नाही. कपाशीचं पहिलं बी ज्याच्या हाताला गुण असेल त्यानेच लावायचं, आणि कोंब वर दिसेपर्यंत त्याने गावाची शीव ओलांडायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत. माझ्या सासूबाईंनी तीस-पस्तीस वर्षं ते बी लावलं. कोंब येईपर्यंत त्या कुठेही गेल्या नाहीत, सख्ख्या भावाच्या लग्नालाही नाही, हे आबा आजही अभिमानाने सांगतात. सासूबाईंना त्याचं काय वाटायचं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

तर रीत तीच, फक्त वावराच्या जागी कॅनडा. तक्ता मी भरायचा, अंघोळ करून, पूर्वेला तोंड करून, आणि कप कोणाच्या तरी हातात जाईपर्यंत जळगावची हद्द सोडायची नाही. पहिल्या वर्षी लेकीला गोवर आला म्हणून मी कुठे गेले नव्हते. तेही बरोबर जुळून आलं.

आणि त्याच दिवसांत येते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे माहेर. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी नाही. माझं माहेर शिरपूरचं. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, दारातल्या निंबाला झोका असतो, आई खापरावर पुरणपोळ्या करते, तिचा हात अजून कोपरापर्यंत पुरेल एवढी मोठी पोळी पेलतो. मी बाईमाणूस म्हणून वर्षभर ज्याची वाट पाहते ते एवढंच आहे, चार दिवस कोणी मला काही विचारू नये.

दुसऱ्या वर्षी भाऊ गाडी घेऊन आला. मी आबांना म्हटलं, "आबा, आखाजीला जाऊन येते. तक्ता तर भरून झालाय."

"बी लावं अन् शीव वलांडी, हाई आपला घर चालत नही," आबा म्हणाले. रागाने नाही, समजुतीने. त्यामुळे तर मला भांडताही येईना. यजमानांकडे पाहिलं तर ते म्हणाले, "जाऊ दे ना, म्हातारं माणूस आहे." भाऊ चहा पिऊन एकटाच परत गेला. दोन दिवसांनी नणंद धुळ्याहून आली, कारण तिची आखाजी आमच्याकडे. आबा तिच्या हातातली पिशवी घ्यायला फाटकापर्यंत गेले. मी तिच्यासाठी पोळ्या लाटल्या. ती बिचारी चांगली आहे, पण त्या दिवशी तिचं हसणंसुद्धा मला सहन होत नव्हतं.

त्या वर्षी आबा दुसरे आले. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, आणि आबा पुन्हा दुसरे. गुण पक्काच झाला.

चौथ्या वर्षी, म्हणजे मागल्या वर्षी, तिसऱ्यांदा विचारलं. आबांनी नुसती मान हलवली. मग मी अंघोळ केली, पूर्वेला तोंड करून बसले आणि ते सांगतील त्याच्या बरोबर उलट भरत गेले. त्यांनी पिवळा म्हटला की मी लाल. त्यांनी सहा सामने म्हटले की मी चार. आठही जोड्या मी नासवल्या आणि कप अशा एका संघाला दिला ज्याला भाऊजी स्वतःच हसायचे. माझा गुण गेला की मी सुटेन, एवढंच डोक्यात होतं.

आबा सगळ्यांत शेवटी आले. व्हिडिओवर भाऊजी हसून म्हणाले, "आबा, खालून पहिले!" आबाही हसले. पण मुलगा अजून बोलत असताना त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन पडले. वर्षातून ते दोन महिने बाप-लेक रोज सकाळी बोलतात, एरवी महिन्याला एकदा. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी ते केलं. मला लाज वाटली. सुटल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला सांगू?

यंदा तक्ता आला त्याच सकाळी भाऊ येणार होता. रात्रीच पिशवी भरून ठेवली होती. लेकीचे तीन ड्रेस, माझ्या दोन साड्या. आई फोनवर म्हणाली होती, "झोका बांधी ठेयेल शे." आबांनी मला तक्त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. भाऊ आला, सोफ्यावर टेकला, म्हणाला, "अक्का, यंदा तरी येशी ना?" आणि मी पहिल्यांदा ताठ मानेने हो म्हटलं.

तेवढ्यात आबांनी माझ्या लेकीला हाक मारली. ती तेरा वर्षांची. न्हाऊन आली होती, केस ओले होते. आबांनी तिला पूर्वेला तोंड करून बसवलं, तिच्या तळव्याला कुंकू लावलं आणि मोबाईल दिला. म्हणाले, "आते हाई पोरना हात दखू. लागू निंघना तं दरसाल हाईच भरी."

पोरगी माझ्याकडे बघून हसली. तिला काय गोड वाटलं होतं, ते मला बरोबर कळलं. "आई, तू जा मामाबरोबर," ती म्हणाली, "मी थांबते आबांजवळ."

मी जाऊन तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"आबा," मी म्हटलं, "मागच्या वर्षी माझ्या हाताचा काही दोष नव्हता. मी मुद्दाम उलटं भरलं. मला आखाजीला जायचं होतं."

भावाने चहाचा कप खाली ठेवला. आबा माझ्याकडे वळले.

"मंग माले सांगाले काय झायतं?"

"सांगितलं होतं, आबा. तीनदा."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. ओरडतील, नाहीतर जा म्हणतील. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. वर्षभर मनात धरलेलं काहीतरी सुटल्यासारखे ते हसले.

"म्हंजे तुना हात आजूनबी लागू शे," ते म्हणाले, आणि कुंकवाची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी भावाला म्हटलं, हिला घेऊन जा, लवकर निघा, ऊन होईल. पोरीला ढकलूनच गाडीत बसवलं. मग हातपाय धुऊन आत आले, पूर्वेला तोंड करून बसले आणि विचारलं, "पहिली जोडी. कोण?"

दुपारी आईचा फोन आला. पिशवीतून माझ्या साड्या काढायच्या राहूनच गेल्या होत्या, त्या माहेरी पोचल्या.

"तुन्या साड्या ऊन्यात व," आई म्हणाली.