नव्वद लाख ठोक्यांची चढाई

जगातली प्रत्येक वस्तू तिच्या अंगावर छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच चालते, हे सत्य स्वतःच्या संसारातल्या वस्तू एकामागून एक जाळून सिद्ध करणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि योगायोगाने तो माझा साडू आहे. खोपोलीच्या एका कारखान्यात तो मीटर दुरुस्त करायचा. तिथे कुठल्याही काट्याला लाल रेघेपलीकडे जाऊ द्यायची मुभा नव्हती, त्यामुळे ती सगळी हौस तो घरी येऊन भागवायचा. मी कर्जतच्या शाळेत गणिताचा मास्तर, रिकामा रस्ता ओलांडतानाही दोनदा मागे वळून बघणारा. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्याला दाजी म्हणतो, तो मला मास्तर म्हणतो. एकाच सासऱ्याने असे दोन जावई कसे निवडले, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्याच्या मोपेडवर दोन माणसं बसतात असं कंपनीने लिहिलं होतं. साडूने दोन माणसं आणि तांदळाचं पोतं घालून ती बोरघाटात नेली. पाचव्या वळणावर मोपेड धापा टाकायला लागली, तेव्हा त्याने आधी ताईंना, म्हणजे बायकोला, उतरवलं आणि मग विचार करून पोतंही उतरवून त्यांच्याजवळ ठेवलं. तासाभराने तो वरून परत आला तो आनंदाने फुललेला. "तुज्यासकट पाचवं वळण, तुज्याबिगर लोणावळा," त्याने बायकोला सांगितलं आणि खिशातल्या वहीत लिहूनही ठेवलं. त्या वहीत दोन रकाने होते: वस्तूवर छापलेला आकडा आणि खरा आकडा. भिंतीवरचं घड्याळ चावी न देता किती दिवस चालतं हे बघायला त्याने ते अकरा दिवस तसंच सोडलं होतं. शेवटच्या दिवसांत ते रोज तासभर मागे पडायचं. नेमका त्याच आठवड्यात मी तिकडे मुक्कामाला गेलो होतो आणि त्या घड्याळाच्या भरवशावर निवांत चहा पीत बसल्यामुळे माझी सकाळची गाडी चुकली. मी रागावलो, तर तो म्हणाला, "गाडी रोज हाय रं बाबा, घड्याळ असं पुन्ना कदी मरायचं?" सासऱ्यांच्या रागाची हद्द मात्र त्याला लग्नातच सापडली होती, म्हणून ती वहीत नव्हती.

तरुणपणी तो गावच्या संघातून कबड्डी खेळायचा आणि त्याचं सगळं तत्त्वज्ञान त्या मैदानातून आलं होतं. "चढाईला गेला आन् पलीकडची रेघ न वलांडताच परतला, त्यो बाद. तिकडंच धरला गेला, त्यो बी बाद. रेघ वलांडायची, आन् दम हाय तवर माघारी यायचं. यंत्राचं बी तसंच हाय, मास्तर." अडचण एवढीच, की घरातल्या बहुतेक वस्तू पलीकडे जायच्या आणि तिकडेच राहायच्या. ताईंची इस्त्री गेली, दोन मिक्सर गेले, आणि रेडिओ तर आमच्यासमोर भर बातम्यांत गेला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मोहोपाड्याच्या एका कारखान्यातल्या ऑफिसने नवा कॉम्प्युटर आणला आणि जुना मोडीत काढला, तो साडू टेंपोत मांडीवर घेऊन खोपोलीला घेऊन आला. आणला तो पोरीसाठी. त्याची सुजाता पॉलिटेक्निकमध्ये शेवटच्या वर्षाला होती. तिथे एका मशीनमागे चाळीस मुलं, म्हणून तिचा प्रोजेक्ट घरी व्हायचा होता. एका पुलाच्या सांगाड्यातल्या बत्तीस दांड्यांवर किती किती भार येतो, याचं ते गणित. गणित बरोबर होतं, मी स्वतः तपासलं होतं. पण मशीनला ते सुटायला नऊ तास लागायचे, आणि आमच्याकडे वीज सहा तासांच्या वर टिकत नव्हती. विजेचं केंद्र गावात, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. रोज सकाळी आठच्या सुमाराला यायची, दुपारी दोनच्या ठोक्याला जायची, आणि रात्री परत आली तरी दाब इतका पडायचा की पडद्यावरचं चित्र आकसून पोस्टकार्डाएवढं व्हायचं. वीज गेली की मशीन सगळं विसरायचं, पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी आकडे दिले नाहीत तर पोरीचं वर्ष जाणार होतं.

मी तिच्या सरांना भेटून मुदत मागावी असं सुचवलं. साडूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने मशीनचं झाकण उघडलं आणि आतली चिंचोक्याएवढी पत्र्याची डबी मला दाखवली. तिला क्रिस्टल म्हणतात. लेझमीच्या खेळात हलगीवाला जो ठोका देतो त्यावर सगळ्यांचे पाय पडतात, तसा या डबीच्या ठोक्यावर प्रोसेसर चालतो. ठोके सेकंदाला साठ लाख. ती डबी उपटून जलद ठोक्याची बसवली की प्रोसेसर जलद चालतो, आणि फार जलद झालं की त्याचा पाय चुकतो. नेमका कुठे चुकतो, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण प्रत्येक प्रोसेसरची हद्द वेगळी. हे ऐकताना माझ्या अंगावर खरोखर काटा आला. सेकंदाला साठ लाख, आणि हा माणूस म्हणतो अजून बघू.

शनिवारी सकाळी तो मुंबईहून आणलेल्या तीन डब्या घेऊन बसला. त्याची रीत अशी, की एकच छोटं गणित मशीनकडून शंभर वेळा करून घ्यायचं. शंभरही उत्तरं सारखी आली तर मशीन शुद्धीवर आहे. उत्तरं बघायला ताईंना बसवलं होतं. त्या तांदूळ निवडता निवडता पडद्याकडे बघायच्या आणि तांदळात खडा दिसावा तसा चुकीचा आकडा त्यांना दिसायचा. ऐंशी लाखाला शंभर उत्तरं चोख, पण त्या वेगाने पुलाच्या गणिताला पावणेसात तास. नव्वद लाखालाही चोख, आणि वेळ बरोबर सहा तास, मिनिटाचीही सवड नाही. मग त्याने एक कोटीची डबी बसवली. वेळ साडेपाच तासांच्या आत आला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. सदतिसाव्या उत्तराला ताई ओरडल्या, "अगो बया, ह्यो आकडा नवा हाय!" पुढची त्रेसष्ट मात्र चोख आली.

"बाबा, एक कोटीच ठेवू या," सुजाता म्हणाली. "शंभरात एकदाच तर चुकतंय. सरांना नाय कळायचं."

साडूने डबी उपटून खिशात टाकली. "पुलाचा आकडा हाय गं त्यो. मिक्सर न्हवं, जळला तर जळला म्हनायला."

मी त्या माणसाला वीस वर्षं ओळखत होतो आणि एखाद्या गोष्टीला तो नाही म्हणताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

रविवारी वीज आठला सात मिनिटं असताना आली आणि नव्वद लाखांवर चढाई सुरू झाली. साडूने चाळीत घरोघर जाऊन सांगितलं होतं, की दोन वाजेपर्यंत इस्त्री-मिक्सर कुणी लावायचं नाही. आश्चर्य म्हणजे कुणीही लावलं नाही. खिडकीला ओलं गोणपाट, घरातला एकमेव पंखा मशीनकडे, आणि आम्ही घामाघूम. दर पाच मिनिटांनी तो तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा प्रोसेसरवर हात ठेवायचा. साडेबारानंतर त्याचा हात तिथे टिकेना. तेव्हा त्याने सपाट बुडाची पितळी वाटी घेतली, माठातल्या गार पाण्याने अर्धी भरली आणि त्या नाजूक चौकोनावर ठेवली. "धरा मास्तर. सांडू नका. सांडलं का पोरीचं वरीस गेलं." पाणी कोमट झालं की ताई दुसरी वाटी द्यायच्या. रस्ता ओलांडायला घाबरणारा मी, सव्वा तास वीज वाहणाऱ्या यंत्रावर पाण्याची वाटी धरून उभा होतो. पाणी सांडू नये म्हणून मी मनात पाढे म्हणत होतो. आणि इतकं थोर काहीतरी माझ्या बोटांखाली चाललेलं आहे, असं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

दोनला सात मिनिटं असताना पडद्यावर बत्तीस आकडे उभे राहिले. मी वाचले, सुजाताने लिहिले, ताईंनी पुन्हा ताडून बघितले. बत्तिसावा लिहून झाला आणि वीज गेली. साडू बायकोच्या पदराने तोंड पुसू लागला.

सोमवारी परीक्षकांनी आकडे उत्तम आहेत म्हणून सांगितलं आणि सहज विचारलं, इतकी यातायात कशाला केलीत? शनिवारी मधले आकडे वहीत उतरवून घ्यायचे आणि रविवारी तेच टाइप करून तिथून पुढे चालू करायचं, मूळ वेगात झालं असतं. सुजाताने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा गणिताचा मास्तर म्हणून मला तोंड लपवायला जागा नव्हती. साडू मात्र म्हणाला, "मंग हद्द कशी कळली असती?"

सुजाता पास झाली, तिला पुण्याला नोकरी लागली आणि पावसाळ्याआधी ती गेलीसुद्धा. दिवाळीनंतर एका रविवारी मी खोपोलीला गेलो. मला वाटलं होतं, आता पोरीच्या कामाचा अडसर नाही, म्हणजे मशीनमधून एव्हाना धूर तरी निघाला असेल किंवा कोटीच्या वर काहीतरी विक्रम झाला असेल. साडू एकटाच पडद्यासमोर बसला होता. त्याच पुलाचं तेच गणित चालू होतं, पण इतकं सावकाश की मी उघड्या झाकणातून आत वाकून बघितलं. साठ लाखांची पहिली डबी त्याने परत बसवली होती.

"अहो दाजी, हे नऊ तास चालणार. दोनला वीज जाईल. पुरं होणारच नाही."

"नायच व्हत. दर रविवारी अर्ध्यावर ऱ्हातं." तो पडद्यावरची नजर न काढता बोलला. "नव्वद लाखाला सहा तासांत संपतं वो. मंग घर लय मोकळं वाटतं. लवकर संपवून काय करू, मास्तर?"

सुजाताची खुर्ची रिकामीच होती, ती ओढून मी त्याच्या शेजारी बसलो. दोनला वीज गेली, पडदा काळा झाला, तरी आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसून होतो.