माणूस मेला, संस्था मेली नाही

"घे, सरांच्या फोटोला हार घाल. म्हणजे तूही मोकळी होशील."

मॅडम हे बोलल्या आणि हार माझ्या हातात कोंबला. निशिगंधाचा. ओला होता. पाणी मनगटावरून बाहीत गेलं. समोर टेबलावर त्याचा फोटो, समई, उदबत्तीचा धूर. मागे सतरंजीवर वसतिगृहातल्या सगळ्या मुली रांगेने बसवलेल्या. दोन वेण्या, तोंडावर बोट. बाजूला फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून तयार.

मी हार अंगापासून लांब धरला.

मी डोंबिवलीत एका लॅबमध्ये काम करते. लोकांची लघवी, थुंकी, शौच, सगळं दिवसभर हाताळते. त्याची कधी किळस वाटली नाही. बिचारं आजारी शरीर, त्याचा काय दोष? पण त्या ओल्या हाराची मला शिसारी आली.

शहाडजवळचं हे वसतिगृह एका ट्रस्टचं. फोटोतला माणूस तिथला अधीक्षक. वरच्या मजल्यावर राहायचा. सगळे त्याला सर म्हणायचे. मी म्हणत नाही. मी पाचवीपासून दहावीपर्यंत तिथे होते. बाप आम्हाला टाकून गेलेला. आम्ही दिव्याला भाड्याच्या खोलीत राहायचो, अजूनही तिथेच राहतो. आई माजिवड्याच्या एका मोठ्या सोसायटीत हाऊसकीपिंगला. उजाडायच्या आत निघायची, अंधार पडल्यावर यायची. दिव्यात पोरगी एकटी कशी ठेवायची, म्हणून आईने मला तिथे ठेवलं. सुरक्षित राहील म्हणून.

तिथे एक पद्धत होती. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एका मुलीने पाण्याचा तांब्या वर नेऊन सरांच्या खोलीत ठेवायचा. गुरुसेवा म्हणायचे त्याला. रेक्टरबाई रोज एक नाव घ्यायच्या. "आज तांब्याचा नंबर हिचा." आणि नंबर नेमका कोणाचा लागायचा? जिला रविवारी भेटायला कोणी यायचं नाही, तिचा. जिचा बाप, मामा, काका दारात येऊन उभा राहायचा, तिला कधीच जिना चढावा लागला नाही. माझ्या आईला रविवारी सुट्टी नसायची. रेक्टरबाईंना हे पाठ होतं.

वर काय व्हायचं ते मी पोलिसांना सांगितलंय, वकीलबाईंना सांगितलंय. इथे सांगणार नाही. ते ऐकून चुकचुकायची लोकांना चटक असते. पेपरात त्याला लैंगिक अत्याचार म्हणतात. तेवढं पुरे.

आठवीत असताना मी मॅडमना जिन्यात गाठलं. मॅडम ट्रस्टच्या विश्वस्त. डोंबिवलीत जुनं घर, मोठ्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, भाषा कशी स्वच्छ धुतलेली. महिन्यातून एकदा यायच्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस सांगितलंस. आता कुणाजवळ बोलू नकोस हं, तुझंच नाव खराब होईल." मला वाटलं, सुटले.

आणि सुटलेच की. दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर बंद. तांब्या माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलीकडे गेला. तिला आईही नव्हती. मॅडमनी चोराला धरलं नाही, त्याला दुसरं घर दाखवलं. त्याची पण व्यवस्था, माझी पण व्यवस्था. वा रे संस्था.

अठरा पूर्ण झाल्यावर मी पोलिसांत गेलेले. त्याला अटक झाली, जामीन झाला, आणि मग हार्ट अटॅकने मेला. पोलीस म्हणाले, "आरोपी मयत. केस बंद. आता विसर आणि पुढचं बघ." चाळीतल्या बायका म्हणाल्या, देवाने न्याय केला. कसला न्याय? एसी हॉस्पिटलात मेला, बायकापोरं उशाशी. देवाचा न्याय असा असेल तर आम्हालाही असाच द्या, आम्ही हात जोडून घेऊ.

वर्षभराने मॅडमचा फोन आला. "ये एकदा. आईलाही आण. संस्थेला तुझ्यासाठी काहीतरी करायचं आहे." मला वाटलं, माफी मागतील. मूर्खासारखी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. आईने सोसायटीतून रजा काढली. तिथे जाऊन बघते तर हे. प्रथम पुण्यस्मरण. आणि हार घालायचा मान कोणाला, तर मला.

का, ते फोटोग्राफरकडे बघितल्यावर डोक्यात शिरलं. त्यांना माझा फोटो पाहिजे होता. हातात हार, मान खाली. उद्या कोणी बोट दाखवलं की हा फोटो पुढे करायचा. बघा, हिची काही तक्रार नाही, ही तर स्वतः येऊन हार घालून गेली. मेल्यानंतरही त्याची सेवा माझ्याकडूनच करून घ्यायची होती.

मी हार टेबलाच्या कडेला ठेवला. हात मागे बांधले.

मॅडम हसत होत्या, दात तेवढे दिसत होते. हळूच म्हणाल्या, "अगं, मुली बघतायत. गेलेल्या माणसाशी कसलं वैर?" मग आईकडे वळल्या. "तुम्ही सांगा हो हिला. समजूतदार आहात तुम्ही."

माझी आई आयुष्यभर मोठ्या लोकांचं ऐकत आलेली. मॅडम म्हणाल्या की पाय आपोआप चालतात तिचे. तिने हार उचलला. "घाल गं बाय, नि चल. मला पण इथं गुदमरतंय." मी हलले नाही तशी ती स्वतःच फोटोकडे निघाली. माझ्या वतीने. मी तिचं मनगट धरलं.

"आई, खाली ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हार सतरंजीवर टाकून दिला. ठेवला नाही, टाकला. मॅडमचं हसू गेलं. "हे संस्कार दिले आम्ही तुला?" त्या म्हणाल्या. आई पदराला हात पुसत होती, पुसतच होती.

आम्ही निघालो. चपला घालताना मला जिना दिसला. संध्याकाळची प्रार्थना झालेली. रांगेतून उठवलेली एक बारकी पोर वर चढत होती. डाव्या हाताने कठडा धरलेला, उजव्या हातात तांब्या, त्यावर पेला पालथा. वर आता नवीन अधीक्षक राहतो.

मी रेक्टरबाईंना विचारलं, "हे अजून चालू आहे?"

"पद्धत आहे गं ती. सरांनी घालून दिलेली. आता ते गेले म्हणून मोडायची का?"

मी धावत वर गेले. पोरीच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि तिला खाली आणलं. ती घाबरून रडायला लागली. नवीन माणूस चांगला असेलही. असू दे. मला त्याच्याशी घेणंदेणं नाही. पण एवढं सगळं होऊन, पोलीस येऊन गेल्यावरही, कोणाला एक तांब्या बंद करावासा वाटला नाही. ह्याच्याइतकं घाणेरडं मी लॅबमध्येही काही बघितलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी आईला घेऊन ठाण्याच्या कोर्टात गेले. तिथे बायकांना फुकट वकील मिळतो, हे लॅबमधल्या एका ताईने सांगितलेलं. वकीलबाई वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "अरेरे" म्हणाल्या नाहीत, त्यामुळे मला बोलता आलं.

मी म्हटलं, "पण तो तर मेला. केस संपली ना?"

"त्याच्यावरची फौजदारी संपली. माणूस मेला. संस्था मेली नाही. संस्थेवर दिवाणी दावा टाकता येतो. तुम्ही मॅडमना सांगितलं होतं, त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी काय केलं तर मुलगी बदलली. तोच आपला मुद्दा."

मग त्यांनी मला समजावलं. मुदत अठराव्या वर्षापासून मोजायची आणि ती लवकरच संपणार होती, म्हणजे थांबायला वेळ नव्हता. भरपाई मागता येईल. शिवाय कोर्टाचा हुकूम मागता येईल, की मुलींच्या इमारतीत पुरुषाने राहायचं नाही आणि कोणाच्याही खोलीत मुलीला सेवेला पाठवायचं नाही. आईने एकच प्रश्न विचारला. "पोरीचं नाव होईल ना सगळीकडं?"

"नाही. हिचं नाव गुप्त ठेवायचा अर्ज आपण पहिल्याच दिवशी देऊ. नावं त्यांची येतील. ट्रस्टवर दावा म्हणजे प्रत्येक विश्वस्तावर दावा. एकेकाचं पूर्ण नाव, राहण्याचा पत्ता."

इतकी वर्षं मला भीती घातलेली, तुझं नाव खराब होईल. आई त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीला नीट टेकून बसली.

आधी नोटीस गेली. मॅडमचा फोन लगेच आला. आवाज मऊ. "बाळ, तुला आईच्या जागी आहे मी. ट्रस्टवर काय टाकायचा तो दावा टाक. माझं नाव वगळ तेवढं. डोंबिवलीत सगळे ओळखतात गं आम्हाला. आणि खरं सांगू? मी तुला वाचवलंच होतं ना त्यातून?"

मी म्हटलं, "मला वाचवायला तुम्ही जिला वर पाठवलंत, तिचं नाव आठवतं का तुम्हाला?"

नाव आलं नाही. मी फोन ठेवला.

मग वकीलबाईंना फोन केला. समझोता नको म्हटलं. आणि प्रतिवादींची नावं लिहिताना मॅडमचं नाव एक नंबरला घ्या म्हटलं, अध्यक्षांच्याही वर. त्या म्हणाल्या, वर्षं जातील, विचार करा. केला म्हटलं. जाऊ देत वर्षं. मी वीस वर्षांची आहे, मला सवड आहे. मॅडमनी वकील लावावा, तब्येतीचं कारण सांगावं, तारखा घ्याव्यात. मी प्रत्येक तारखेला जाणार. एक दिवस त्यांना जजसाहेबांसमोर शपथ घेऊन उभं राहावंच लागेल, आणि मी सांगितल्यावर तुम्ही काय केलं, ह्याचं उत्तर त्या देईपर्यंत मी तिथून हलणार नाही.