जामाकाकांच्या आईचं कूळ

अनब आठवडाभर कार्डिफमध्ये बस चालवते आणि शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलात आमच्या पोरांना सोमाली शिकवते. मी तिची शेजारीण. चहा करते आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते गावभर पोचवते. दोघींनाही पगार नाही.

शाळेत तिचा एकच कडक नियम आहे : कुणी कुणाचं कूळ विचारायचं नाही. तिकडे सोमालियात याच प्रश्नापायी तिचं घर जळालं होतं.

त्या शनिवारी जामाकाका आले. सोन्याचा दात, आणि खिशात हॉलची किल्ली. पुढच्या वर्षी हॉल आम्हाला द्यायचा की कराटेवाल्यांना, हे तेच ठरवणार.

"बघू तरी काय शिकवतेस," म्हणत त्यांनी लिबानला उभं केलं. "म्हण रे, बापजाद्यांची नावं!"

पोरगं घरी घोकलेलं घडाघडा म्हणू लागलं. बाप, आजा, पणजा... प्रत्येक नावागणिक कूळ उघडं पडत होतं. चहापाशी बायकांनी कप खाली ठेवले. माझा चमचा कपातच थांबला.

"शाब्बास! आपल्यातलाच की!" जामाकाकांचा दात चमकला.

उबाहने लेकीचं जाकीट उचललं. "चल गं हिबाक. ही शाळा 'त्यांची' आहे म्हणे."

तिच्यामागे शुक्री उठली, दोन्ही मुलगे घेऊन. निम्मा वर्ग दारातून जाणार, हे दिसत होतं.

"हे अर्धंच झालं," अनब म्हणाली. "काका, आता तुम्ही सांगा. तुमच्या आईचं कूळ कुठलं?"

उत्तर साऱ्या कार्डिफला ठाऊक होतं. मीच तर सांगितलं होतं.

काकांचा दात ओठाआड गेला. किल्ली हातात फिरत राहिली.

"उबाहचंच," ते शेवटी म्हणाले. "मी लहान असताना गेली. तिच्या माहेरचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही."

उबाह दारात थबकली. "मग मी तुमची मावशी लागते की काय?"

कुणीच हसलं नाही. काका किल्लीसकट निघून गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही पावसात बंद दारासमोर उभे. अनब सारखी रस्त्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने काका आले, कुलूप काढलं आणि मला म्हणाले, "साखर कमी घालत जा जरा."

हिबाक लिबानशेजारी जाऊन बसली. शुक्रीचे मुलगे आले नाहीत. अनबने त्यांच्या खुर्च्या तशाच ठेवल्या आहेत.