विहिरीशी बोलणारी चिगुसा

मिसोचं सूप नुकतंच उतरवलं होतं. आमचे हे, तेरुओ, गरम भातावर कच्चं अंडं फोडत होते, तेवढ्यात सरकत्या दाराच्या काचेवर टकटक झाली. शेजारची चिगुसा. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"काय गं, तुझ्या भुतांनी आज लवकर उठवलं?" ह्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं.

चिगुसा चाळिशीला टेकलीय. पोस्टातली नोकरी सोडून ती घरी कॉम्प्युटरवरचा खेळ लिहिते. खेळ म्हणजे गोष्टच; चित्रातली पात्रं बोलतात, आपण उत्तर निवडायचं. आत्म्यांशी मैत्री जमली तर गोष्ट पुढे सरकते. गाव तिला हसतं. मीही हसायचे, मग एकदा तिने मला खेळायला बसवलं. पहिलाच आत्मा विहिरीतला. मी एकाहून एक गोड उत्तरं निवडली, तर तो बुडी मारून बसला.

"काकू, काहीच निवडू नका. नुसतं थांबा."

थांबले, तेव्हा कुठे तो वर आला.

लहानपणी ती फार अडखळायची. शब्द तोंडातून निघायच्या आत शाळेतली मुलं तो पुरा करून मोकळी होत. मग ती आमच्या परसातल्या विहिरीवर ओणवी होऊन बोलत बसायची. भांडी घासता घासता मला ऐकू यायचं. विहिरीला कधी घाई नसायची.

तीच विहीर आज बुजवायची होती, गाडी लावायला जागा हवी म्हणून. तिला सांगायचं माझ्याच्याने झालं नव्हतं. आता वाळूचा ट्रक तिच्या खिडकीसमोरच उभा होता.

"पूजा केलीय रीतसर," हे म्हणाले. "पुजाऱ्यांनी विहिरीला मीठ आणि तांदळाची दारू, साके, वाहिली. आता आणखी काय राहिलं?"

चिगुसाने तोंड उघडलं. पहिलं अक्षर अडकलं, पुन्हा अडकलं. कितीतरी वर्षांनी तिला असं अडखळताना पाहत होते. ह्यांनी तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तशी मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सूप निवत होतं. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. आम्ही थांबलो.

"बांबू," ती म्हणाली. "विहीर बुजवा, काका. फक्त एक पोकळ बांबू तळापासून वर, जमिनीबाहेर येईल असा राहू द्या. आत जो आहे, त्याला श्वास घेता आला पाहिजे."