रिकामा न केलेला टब

सर्वेक्षणाच्या कचेरीत तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे. बंदराच्या तोंडाशी नवा धक्का होणार होता. खोदकामाआधी तिथल्या समुद्राच्या तळाशी काय काय जगतंय ते तपासून ठेवायचं, हे कचेरीचं काम. बोट तळाचा गाळ उपसून आणायची आणि मागच्या अंगणात चाळणीबाई तो टबावर चाळणी धरून समुद्राच्याच पाण्यानं धुवायची. जीव चाळणीत उरून बरणीत जायचे, गाळ टबात. एका जागेचा गाळ झाला की टब समुद्रात ओतायचा, मगच दुसरी जागा. हात इतका बसलेला की खुंटीकडे न बघता बारीक चाळणी हातात यायची.

त्या सकाळी मात्र तिनं बघितलं. बारीक चाळणी शेजारच्या खुंटीवर, कोरडी ठणठणीत. जाड चाळणीच्या जाळीत कालचा काळा गाळ. काल आधीची जागा झाल्यावर धुऊन टांगताना तिनंच खुंट्या बदलल्या होत्या. म्हणजे कालची शेवटची जागा, नेमकी बंदराच्या तोंडाची, जाड चाळणीतून गेली होती. बारीकसारीक जीव निसटले होते. आणि बाहेर खोदणारं यंत्र कधीच घरघरायला लागलं होतं.

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलंही. बरणी तर भरलेलीच दिसत होती. पण त्याच तोंडाशी तिचा धाकटा दीर जाळं टाकायचा. उद्या तो म्हणाला, खोदल्यापासून मासळी गेली, तर लोक हीच बरणी दाखवून म्हणतील, इथं माशांना खायला होतंच काय?

तिनं जाऊन डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. सगळी तपासणी त्यांच्या हाताखाली चालायची. त्यांनी चष्मा काढला.

"आता तो तळच राहिला नाही गं. टब कुठंय कालचा?"

टब धाकट्या दिरानं ओतला असणार. काल तो तिला न्यायला आला होता आणि फाटकाशी हॉर्नवर हॉर्न. हॉर्न वाजवायला हात आहेत तर टब ओतायलाही असतील, असं तिनंच त्याला ठणकावलं होतं. तिनं फोन लावला.

"काल टब ओतलास ना रे?"

"म्हणजे काय. चकाचक केलाय, वहिनी."

"घासलास पण?"

"तोंड बघून घे त्यात."

ती पायरीवर मटकन बसली. आयुष्यात एकदाच शहाण्यासारखा वागला, आणि तोही काल. डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, झालं ते झालं, अहवालात चूक खरी खरी लिहू. मग आजचा गाळ तरी चाळावा, म्हणून चाळणीबाई तो चकाचक टब शोधायला निघाली.

टब भिंतीमागे होता. वर फळी टाकून दडवलेला. फळीखाली काठोकाठ गाळ.

तिला हसू फुटलं, डोळेही भरले. बारीक चाळणी धरून तिनं तांब्या तांब्यानं गाळ ओतायला घेतला. डॉक्टरबाई बाह्या सरसावून शेजारी उकिडव्या बसल्या. काळं पाणी झिरपून गेलं आणि जाळीवर केसासारखा एक लालसर किडा वळवळला. मग आणखी एक. मग तांदळाएवढा शिंपला.

"आहेत गं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "सगळे इथंच आहेत."

तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, खरं सांगू का... ते टबाचं..."

"दिसलं," ती म्हणाली. "संध्याकाळी ये. आज माझ्यासमोर ओतायचास."