इंजिन बंद, ढोलक सुरू

"आवाज कानात नाही जी, पोटात लागला पाह्यजे." असं म्हणताना तो स्वतःच्या पोटावर थाप मारायचा. पोट तसं थाप मारण्याजोगं होतंच. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. गाडी जुनी, टायर गुळगुळीत, एक दार फक्त आतूनच उघडतं, पण डिकीत मात्र लग्नाच्या बँडला लाजवील असा साउंड.

तांडापेठेत तो आमच्या समोरच्या घरात राहायचा आणि बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला जायचा. माझं कोपऱ्यावर बॅटरी आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. त्यामुळे त्याच्या मूर्खपणाचा जवळून अभ्यास करण्याचं भाग्य माझ्या वाट्याला आलं.

संध्याकाळी कामावरून परतला की तो गाडी घरासमोर लावायचा, इंजिन बंद करायचा, म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवायचा आणि साउंड सुरू करायचा. गल्लीतल्या फळ्यांवरची भांडी थरथरू लागायची. गाडीतला दिवा प्रत्येक ठोक्याला मंद व्हायचा. मी म्हटलं, "अरे, बॅटरी रडून राहिली तुही." तर म्हणतो, "नाही जी काका, लाइट बी नाचून राहिला."

आणि एवढा थाट करून हा गृहस्थ वाजवायचा काय, तर भजनं. आमच्याच वस्तीतल्या मंडळाचं कुठल्याशा सप्ताहातलं जुनं रेकॉर्डिंग. बेस एवढा वाढवलेला, की त्यातून शब्द गेले, पेटी गेली, शेवटी देवही गेला. उरली नुसती ढोलक. बाप बिचारा जन्मभर पावरलूमवर राबून ठार बहिरा झालेला. बहिरा म्हणून वाचला, असं आम्ही म्हणायचो, आणि हसायचो.

खरा तमाशा सकाळी असे. बॅटरी उतरलेली, गाडी ढिम्म. मग तो दारोदार हाका मारत फिरायचा. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या कमरेला टॉवेल, अशी आमची वरात गाडीमागे लागायची. साहेब स्टिअरिंगवर. "जोर लावा जी, सेकंडमध्ये टाकून राहिलो." गाडी धूर सोडत सुरू झाली की तो हॉर्न वाजवून आमचे आभार मानायचा आणि आम्ही कंबर धरून घरी जायचो.

शेवटी मी त्याला दुकानात बसवून समजावलं. "हे पाय, बॅटरी म्हणजे रांजण. इंजिन चाललं की नळ येते. तू नळ बंद ठेवून बादल्यांवर बादल्या उपसून राहिला."

"हाव जी."

"मग गाणं ऐकताना इंजिन चालू ठेव नं."

"थे नाही जमत."

"काहून?"

"नाही जमत जी," असं म्हणून पोटावर थाप. पेट्रोल वाचवतो लेकाचा, असा निकाल मी देऊन टाकला, आणि तो गल्लीलाही पटला.

तरी मी माझं काम चोख केलं. साउंडसाठी दुसरी बॅटरी बसवली. तिच्यापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाड वायर ओढली, बॅटरीला लागूनच फ्यूज दिला, पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थिंग घट्ट केलं. दोन बॅटऱ्यांच्या मधे रिले टाकला, म्हणजे गाणं दुसरीवर चालेल आणि सकाळी गाडीसाठी पहिली भरलेली राहील. या पठ्ठ्यानं थोड्याच दिवसांत तो रिले काढून दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडून टाकल्या. एका रांजणाचे दोन झाले आणि सकाळी दोन्ही कोरडे. ते भरता भरता अल्टरनेटरही जळला, तो नवा घातला. आम्ही परत गाडीमागे.

एका संध्याकाळी माझ्या शोकेसची काच त्या ढोलकीनं किणकिणायला लागली आणि माझं डोकं फिरलं. तरातरा गेलो, खिडकीतून हात घातला आणि मीच चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. "आता ऐक," मी ओरडलो. "असं ऐकतात."

तेव्हा माझं म्हाताऱ्याकडे लक्ष गेलं. त्याचा डावा तळवा दारावर टेकलेला होता. बोटं अर्ध्यावर थांबली होती. त्यानं आधी तळव्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं विचारलं, "बंद पडलं काय गा?"

साउंड तर पूर्ण जोरात वाजत होता.

मुलानं इंजिन बंद केलं. म्हाताऱ्याची बोटं दारावर जरा चाचपडली आणि मग ठेक्याला लागली. थाप, बोट घासत घिस्सा, पुन्हा थाप. रेकॉर्डिंगमधला ठोका यायच्या आधी याचं बोट पडत होतं.

"इंजिनची थरथर मधात येते, काका," तो म्हणाला. "मग बाबाले ढोलक सापडत नाही."

"रेकॉर्डिंगमधी वाजवते कोण ढोलक?"

"बाबाच नं. मंडळात तेच वाजवत, तुमी इथं दुकान टाकाच्या आधी."

"अन् रिले काहून काढला?"

"एकटी बॅटरी लवकर थकते जी. शेवटच्या भजनात ढोलक मरते."

मी चिडलोच. "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"मले हासून राहिले तं हासू द्या," तो म्हणाला. "बाबाले हासले असते."

माझं मत बदललं असं समजू नका. बॅटऱ्या नासवून, अल्टरनेटर जाळून आणि गल्लीच्या कमरा मोडून बापाची सेवा करणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. आजही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, मी गेलो आणि सगळ्यांबरोबर गाडी ढकलली. कुणाला काही सांगितलं नाही. शिव्या मात्र नेहमीपेक्षा जास्त दिल्या, संशय यायला नको म्हणून.

म्हातारा हिवाळ्यात गेला. साउंड त्या दिवसापासून बंद, गाडी मात्र तेरवीच्या सामानासाठी फिरत होती. तेरवी झाली आणि हा पहिल्यांदा कामावर निघाला. हाक आलेली नव्हती, तरी आम्ही सवयीनं बाहेर आलो. ब्रश, टॉवेल, सगळं तसंच. तो गाडीत बसला आणि त्यानं चावी फिरवली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

आम्ही उभेच. गाडी जागेवर थरथरत होती. तो बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघत होता. मग त्यानं हात लांब करून डावीकडच्या दारावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि इंजिन बंद केलं.

"ढकला नं जी," तो म्हणाला.

धडधाकट गाडी ढकलायला लावणारा मूर्ख मी तोवर पाहिला नव्हता. टॉवेल घट्ट करून आम्ही सगळे मागे लागलो, आणि चौकापर्यंत ढकलत नेली.